आत्यांनी पाय मागितला

“रंजना, पाय लाव,” आत्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला सोऱ्या परातीत पडला.

चैत्र संपत आला होता. सकाळचे साडेसहा वाजले असतील. परसात चूल पेटलेली, पातेल्यात कुरडयांचा चीक रटरटत होता. दोन बाजांवर जुनी लुगडी ताणून बांधली होती आणि शेजारच्या शेवंताकाकू हाताला तेल लावून तयार बसल्या होत्या. अशा ऐन वेळी आत्यांनी पाय मागितला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

“ऐकू आलं न्हाई व्हय? पाठीत उसण भरलीया. लाव म्हणते ना.”

शेवंताकाकूंनी आधी आत्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदर तोंडाला लावून हसू दाबलं. खरं तर मलाही हसू यायला हवं होतं. नऊ वर्षं मी या घडीची वाट बघत होते म्हटलं तरी चालेल. पण मला हसू आलं नाही.

का आलं नाही ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं मागून. आमच्या सातारा भागात समज असा, की पाठीत उसण भरली, म्हणजे कुठे तरी अवघडून कळ धरली, की पायाळू माणसाने डावा पाय त्या जागी तीनदा लावायचा. उसण उतरते. खरंच उतरते का, ते मला विचारू नका. माझं शिक्षण दहावी. मी एवढंच सांगू शकते की माणसं कण्हत यायची आणि हसत जायची. त्यात पायाचा गुण किती आणि चार लोकांत लाथ खाल्ल्याची गंमत किती, देव जाणे.

लग्न होऊन या गावात आले तेव्हा ही बातमी माझ्या रुखवताच्या आधी पोचली होती. तिसऱ्याच दिवशी एक पैलवान दारात उभा राहिला. हळदीच्या अंगाने मी त्याच्या पाठीला पाय लावला. मग रांगच लागली. हमाल आले, धुणं धुणाऱ्या बायका आल्या, शाळेचे हेडमास्तर आले. ते विज्ञान शिकवायचे म्हणून मागच्या दाराने यायचे. आमच्या ओसरीवर एक चटई कायमची अंथरलेली असायची, आणि गावातली निम्मी माणसं कधी ना कधी त्या चटईवर पालथी पडलेली होती.

नव्हत्या पडल्या त्या फक्त आत्या.

सुनेचा पाय अंगाला लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. चुकून धक्का लागला तर मी तिथल्या तिथे वाकून नमस्कार करायचा. एकदा अंधारात माझा पाय त्यांच्या उशीला लागला. मी उशीलाही नमस्कार केला. तरी सकाळी त्यांनी उशीचा अभ्रा धुऊन दोरीवर टाकला, तोही रस्त्याच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा. लग्नाच्या चौथ्या वर्षी हंडा उचलताना त्यांची पाठ धरली. तीन दिवस त्या कमरेत वाकून घरभर हिंडल्या. मी दोनदा म्हटलं, “आत्या, लावू का?” तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मेले तरी न्हाई.” आणि चौथ्या दिवशी घरात पायाळू सून असताना शेजारच्या वाडीतून एक म्हातारा पायाळू बैलगाडीतून आणवला. त्याला जेवायला पुरणाची पोळी केली. ती मीच लाटली.

राग यायचा मला. पण त्या बाईचं मन वळवणं म्हणजे भिंतीशी भांडणं. तिशीत विधवा झालेली, एकटीने शेत कसून पोरगा शिकवलेली बाई. दुपारी कधी आडवी झालेली मी पाहिली नव्हती.

आता त्या सकाळकडे येते.

साल शहाण्णव. मी एकतीस वर्षांची. पोरं सुट्टीला मामाकडे गेली होती. हे एसटीत कंडक्टर, त्या दिवशी मुंबईच्या गाडीवर. घरात आम्ही दोघीच. चार दिवसांपूर्वी आमचा कुरडयांवरून खटका उडाला होता. मी म्हटलं होतं, औंदा निम्मे गहू भिजवू. त्यावर त्या म्हणाल्या, “आमी बसल्या बैठकीला दोन पायलीच्या करत हुतो. तुमच्या हातात जीव न्हाई.” आणि सगळे गहू भिजत घातले.

त्यानंतर त्या गप्पच होत्या. मला वाटलं, रुसल्यात. वाटताना दोनदा हात थांबवून भिंतीला टेकल्या. मला वाटलं, मला दाखवायला. आदल्या दिवशी भर दुपारी चक्क झोपल्या. तेव्हा मात्र मी विचारलं, “आत्या, बरं वाटत नाही का?”

“दाढ ठणकतीया,” त्या म्हणाल्या, आणि डब्यातली लवंग काढून डाव्या गालात धरली.

रात्री जेवल्या नाहीत. पित्त झालंय म्हणाल्या, ओवा चावला आणि पडल्या. सकाळी नेहमीसारख्या चुलीपुढे. चीक घाटायचं काम त्या कुणाला देत नसत. एका हाताने चीक ओतायचा, दुसऱ्या हाताने लाकडी दांडा फिरवत राहायचं. हात थांबला की गुठळी झाली. शिजला की तो गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा. तेवढ्या वेळात घराला आग लागली तरी आत्या उठणार नाहीत, असं शेवंताकाकू म्हणायच्या.

आणि त्या आत्या दांडा पातेल्यात तसाच सोडून उठल्या होत्या. ओसरीवरची चटई त्यांनी स्वतः ओढून आणली होती.

“आक्का, नऊ वर्सांचा उपास सोडला म्हणायचा,” शेवंताकाकू दांडा हातात घेत म्हणाल्या. “लाव गं रंजना, चांगला जोर काढून लाव. सगळी उधारी फेड.”

आत्यांनी त्यांना उत्तर दिलं नाही. शेवंताकाकूंना उलट उत्तर न देणाऱ्या आत्याही मी पहिल्यांदाच बघत होते. त्या चटईवर पालथ्या झाल्या, पण पालथं पडवेना. पुन्हा उठून बसल्या, गुडघ्यांवर हात टेकून.

“बसल्या बसल्या लाव,” त्या म्हणाल्या. “पडलं की दम कोंडतोय.”

मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. माझी एक सवय होती. कुणीही आलं तरी पाय लावण्याआधी मी हात लावून बघायची. दुखतंय कुठे, दाबलं की कळ वाढते का, श्वास कसा चाललाय. लोक चेष्टा करायचे, “वहिनी आधी तपासतात, मग लाथ मारतात.” ही सवय कशी लागली ते मी गावात कुणाला सांगितलं नव्हतं. यांनाही नाही.

“कुठं दुखतंय, आत्या?”

“दोन्ही फऱ्यांच्या मधी. आरपार.”

मी तिथे, दोन्ही खांद्यांच्या मधे, हात ठेवला. चोळी भिजून पाठीला चिकटली होती. चुलीपुढे बसलेल्या माणसाला घाम येतोच. पण तो गरम असतो. ही पाठ विहिरीतून काढलेल्या घागरीसारखी गार होती.

“दाबल्यावर जास्त दुखतं?”

“न्हाई. दाबलं काय आन् न्हाई काय. आतनंच हाय. किती इचारतीस?”

“हात दुखतोय?”

“डावा जड झालाय. दांडा फिरवून.”

दांडा त्या उजव्या हाताने फिरवत होत्या.

मी पुढे येऊन त्यांच्यासमोर बसले. तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. वरच्या ओठावर घामाचे थेंब. डाव्या गालात लवंग होतीच. आणि तेव्हा मला आठवलं, की तीन वर्षांपूर्वी मीच त्यांना कराडला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डावीकडच्या खालच्या दाढा तेव्हाच काढून टाकल्या होत्या. त्या जागी नुसती हिरडी होती.

“आत्या, तोंड उघडा.”

“आँ?”

“दाढ कुठली ठणकतीय? त्या बाजूला दाढाच नाहीत तुम्हांला.”

त्यांनी जीभ फिरवून बघितली. कालपासून लवंग धरली होती, पण हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. “मग हितं जबडा दुखतोय,” त्या जरा गोंधळून म्हणाल्या. “पाठ धरली का जबडा धरतो, जबडा सुटला का पाठ. तू पाय लाव आन् मोकळी हो. चीक बसंल खाली.”

“मी पाय लावणार नाही. आपण डॉक्टरकडे जायचं. आत्ता.”

“येडी का खुळी? चुलीवर चीक हाय!”

“जाऊ दे चीक.”

“चार किलो गव्हाचा चीक जाऊ दे?” आत्यांना रागानेही धाप लागली. “नऊ वर्सं मी मागितला न्हाई. आज मागितला, तर टेंभा मिरवतीस? गावाला लाथा घालतीस आन् सासूला न्हाई?”

शेवंताकाकू चीक घाटता घाटता म्हणाल्या, “रंजना, अगं पित्तानंबी पाठीत येतं. सोडा दे त्यास्नी लिंबू पिळून. डॉक्टर काय, सुई टोचून मोकळा हुईल. दुपारी जावा की.”

दुपारी. तो शब्द ऐकला मात्र, मी आत्यांचे दोन्ही हात धरले. तेही गार होते. आणि बारा वर्षं जे माझ्या तोंडातून निघालं नव्हतं ते मी त्या परसात, शेवंताकाकूंच्या देखत बोलले.

“आत्या, माझ्या आईच्या पाठीत अशीच कळ आली होती. सकाळी, भाताला पाणी ठेवताना. तीही म्हणाली, उसण भरलीय, पाय लाव. मी घरातली पायाळू. मी लावला. तीनदा लावला. ती म्हणाली, बरं वाटलं गं. मी शिवणाच्या क्लासला निघून गेले. दुपारी परत आले, तर आई चुलीजवळच पडलेली होती.”

पातेल्यातल्या चिकाचे बुडबुडे फुटल्याचा आवाज येत होता.

“डॉक्टर नंतर आले. म्हणाले, हार्ट अटॅक होता. मी म्हटलं, छातीत तर दुखतच नव्हतं तिच्या. तर म्हणाले, बायकांच्या छातीत दुखेलच असं नाही. पाठीत येतं, जबड्यात येतं, पित्तासारखं वाटतं, नुसता थकवा येतो. सकाळीच आणलं असतं तर कदाचित वाचली असती. एकोणीस वर्षांची होते मी, आत्या. मी तिला पाय लावून क्लासला गेले. मला पुन्हा ते करायला लावू नका.”

मी रडत होते. आत्यांसमोर मी त्याआधी कधी रडले नव्हते, तसा आनंद त्यांना मी मिळू दिला नव्हता.

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चटईवर हात टेकून म्हणाल्या, “शेवंते, चीक आता तुझ्याकडं. हात थांबवू नको. आन् पातळ करू नको, तुझ्या कायम पातळ हुत्यात.”

आणि मला म्हणाल्या, “चल.”

त्या उठायला लागल्या, तर मी खांदा दाबून खाली बसवलं. “चालायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही.” मी रस्त्याकडे पळाले. दिलावर मुलाणींचा दुधाचा टेम्पो रोज त्याच वेळी कोपऱ्यावर कॅन भरत असायचा. त्यांच्याही पाठीला मी दोनदा पाय लावला होता. मी नुसतं म्हटलं, “दिलावरभाऊ, आत्या,” आणि माझं तोंड बघून त्यांनी भरलेले कॅन तिथेच रस्त्यावर उतरवले. घरातली लोखंडी खुर्ची घेतली. दिलावरभाऊंनी आणि शेवंताकाकूंच्या मालकांनी आत्यांना खुर्चीसकट उचललं. गल्लीतून वरात निघाल्यासारखी ती खुर्ची टेम्पोकडे निघाली. पदर नीट करत आत्या पुटपुटल्या, “लोकं काय म्हणतील.”

गावात डॉक्टर कुंभार नवे होते. पंचविशीतला पोरगेला माणूस. दवाखान्यामागेच राहायचे, तोंडात ब्रश तसाच घेऊन बाहेर आले. मी एका दमात सांगितलं: कालपासून जबडा आणि थकवा, रात्री पित्त, आज पहाटेपासून पाठ, गार घाम, आडवं पडलं की दम कोंडतो. त्यांनी ब्रश टाकला. आत्यांच्या छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी निघायला लागली आणि ती वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

“चालत आणलंत?”

“नाही. खुर्चीवरनं.”

“चांगलं केलंत,” ते म्हणाले. आत्यांना एक गोळी चावून खायला लावली, एक जिभेखाली ठेवली. “आजी, हार्ट अटॅक आहे. आपण कराडला जायचं, तिथे गुठळी विरघळायचं इंजेक्शन आहे. ते जितक्या लवकर मिळेल तितकं चांगलं. मी येतो बरोबर.”

“गुठळी?” आत्या म्हणाल्या. “हात थांबला की हुतीच.”

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी तोंड फिरवलं.

टेम्पोच्या पुढच्या बाकावर दिलावरभाऊ, डॉक्टर आणि मधे आत्या. मी मागे, रिकामा कॅन उपडा घालून त्यावर बसले. केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. तिच्यातून हात आत घालून मी आत्यांचा खांदा धरला. कराड बावीस किलोमीटर. रस्ता तेव्हा कसा होता ते त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला माझा हात निसटायचा आणि मी तो पुन्हा चाचपडत नेऊन ठेवायची. आईच्या वेळी मी शिवणाच्या क्लासला पोलक्याची बाही कापत होते. आज निदान हात होता खांद्यावर. अर्ध्या वाटेत आत्यांनी मान जरा वळवली.

“रंजना.”

“काय?”

“तुझ्या आईचं नाव काय गं?”

नऊ वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. विहीणबाई म्हणून विषय काढायच्या, तोही टोमणा मारायला.

“सरूबाई,” मी ओरडून सांगितलं, इंजिनाच्या आवाजात.

त्यांनी मान पुन्हा सरळ केली. डॉक्टर म्हणाले, “आजी, बोलू नका.”

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि दार बंद झालं. मी बाकावर बसले तेव्हा लक्षात आलं, की पायात चपला नव्हत्या. डाव्या पायावर चीक सांडून वाळला होता. मी तो नखाने खरवडत बसले. त्या पायाचा मला किती राग होता म्हणून सांगू, आई गेल्यापासूनचा. त्या दिवशी मात्र वाटलं, निदान आज तू कुणाच्या पाठीला लागला नाहीस.

अकराच्या सुमाराला डॉक्टर कुंभार बाहेर आले. “इंजेक्शन लागू पडतंय. अजून दोन दिवस धोका आहे, पण वेळेत आलो आपण,” ते म्हणाले. आणि मग जरा लाजून विचारलं, “इथे कुठे चहा मिळेल का? मी तोंडसुद्धा धुतलेलं नाही.”

संध्याकाळी हे धावत आले. अंगात खाकी कपडे, खांद्याला पैशांची पिशवी तशीच. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, “पण तुला कळलं कसं?”

“त्यांनी माझा पाय मागितला,” मी म्हटलं. “साध्या उसणीला आत्या माझा पाय मागतील का?”

हे हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी टोपीने डोळे पुसले.

आत्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “कुरडया कशा झाल्या?”

“पातळ.”

“म्हनलं नव्हतं?” त्या म्हणाल्या आणि समाधानाने डोळे मिटले.

घरी आल्यावर आत्यांनी नवं काम काढलं. ओसरीच्या पायरीवर त्या बसून राहायच्या. उसण भरलेली बाई आली की माझ्या आधी त्यांच्या तावडीत सापडायची. “जबडा दुखतोय? गार घाम येतोय? जिना चढताना दम लागतोय? ह्या आठवड्यात उगंच थकल्यागत झालंय? खरं सांग, लाजू नको.” सगळ्याला ‘न्हाई’ आलं, तरच आत जायची परवानगी. एका उत्तराचा जरी संशय आला, तरी त्या बाईला पायरीवरच बसवून दिलावरभाऊंना हाक मारायच्या. बहुतेक वेळा पित्तच निघायचं, आणि लोक कंटाळायचे. पण सुतारांच्या इंदूबाई अशाच कराडला गेल्या आणि जिवंत परत आल्या, तेव्हापासून पायरीवरच्या चौकशीला कुणी नावं ठेवली नाहीत. वर आत्या सगळ्यांना सांगायच्या, “लोकं पाय लावून बरी हुत्यात. मी सुनंनं पाय लावला न्हाई म्हणून जिती हाय.”

माझ्या आईचा विषय मात्र त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही नाही. मला एकच गोष्ट सलत होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. “बरं वाटलं गं,” असं आई म्हणाली होती. माझं मन राखायला म्हणाली. कळ सोसत होती आणि पोरीला क्लासला उशीर नको म्हणून खोटं बोलली. ते तिचं शेवटचं बोलणं, आणि ते खोटं होतं. आईची आठवण आली की आधी तेच वाक्य आठवायचं.

दहा वर्षं गेली. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पितळी डबा ओढताना आत्यांची पाठ धरली. सत्तरी ओलांडली होती तेव्हा त्यांनी. मी काही न बोलता रिक्षा बोलावली. डॉक्टर कुंभारांच्या कानशिलावर आता पांढरे केस आले होते. त्यांनी तारा लावल्या, पट्टी बघितली, पाठ दाबून बघितली. आत्या ओरडल्या.

“आजी, अभिनंदन,” डॉक्टर म्हणाले. “अस्सल उसण आहे.”

घरी आलो. आत्यांनी ओसरीवरच्या चटईकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूहळू, कण्हत, त्या चटईवर पालथ्या झाल्या.

“आता कागद बघितलास न्हवं? लाव.”

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. गावातल्या शेकडो पाठींना लावलेला माझा पाय उचलेना.

“लाव गं,” त्या चटईत तोंड खुपसून म्हणाल्या. “घाबरू नको. चांगला दाबून लाव.”

मी भिंतीला हात टेकला आणि डावा पाय त्यांच्या पाठीवर ठेवला. केवढीशी पाठ झाली होती. कोरडी, उबदार. एकदा. दोनदा. तीनदा. मग पाय खाली घेतला, आणि त्यांच्याच नेमाप्रमाणे गुडघे टेकून नमस्काराला वाकले. माझं कपाळ त्यांच्या खांद्याला लागलं.

“बरं वाटलं,” आत्या म्हणाल्या.

“खरं?”

“खोटं कशाला बोलू? तुला का मी भिते?” मग त्यांनी मान वळवली. तोंड पलीकडे होतं, त्यामुळे मला दिसत नव्हतं. “सरूबाईबी खोटं बोलली नसंल, रंजना. कळ ऱ्हायली असंल, ती येगळी. पण लेकीचा पाय हुता. तिला बरंच वाटलं असंल.”

मी नमस्काराला वाकले होते, ती तशीच राहिले. त्यांनीही ऊठ म्हटलं नाही.